पाच ते साडेपाच

कवळ्या बनवण्याच्या वर्कशॉपला पाच वाजता सुट्टी व्हायची. घरी मात्र ती साडेपाचला होते असा सगळ्यांचा समज होता. मधला अर्धा तास फुगीच्या आईनं गुपचूप उचलला होता आणि गेले दोन महिने त्याचा कोणाला पत्ता लागू दिला नव्हता.

फुगी सात महिन्यांची. गाल असे वर आलेले की नाक शोधावं लागे. ती जन्मल्यापासून तिच्या आईला घरात, जिन्यात, दुकानात सगळे ‘फुगीची आई’ म्हणूनच हाक मारत, आणि तिलाही आता त्याच हाकेला ओ द्यायची सवय झाली होती.

तसं पाहिलं तर ती खोटं बोललीच नव्हती. रजा संपून कामावर गेली त्या पहिल्या संध्याकाळी हमरस्त्यावर खोदकाम चालू होतं, म्हणून तिनं सायकल नदीच्या बांधावर घातली. वीस मिनिटांच्या रस्त्याला पन्नास मिनिटं लागली. दारात पाऊल टाकते तोच सासूबाई म्हणाल्या, “साडेपाचला सोडतात वाटतं तुम्हाला?” आणि तिच्या तोंडून नुसतं “हं” निघालं. खोदकाम चार दिवसांत बुजलं. तो “हं” काही बुजला नाही.

सकाळचा रस्ताही तिला आवडायचा. घरापासून निघालं की उतारच उतार. पायडलवर पाय नुसते ठेवायचे, कानात वारा भरून घ्यायचा, आणि रात्रभर फुगीनं जागवलेले डोळे चौकापर्यंत आपोआप उघडायचे. पण सकाळी उशीर पाठीमागे लागलेला असे. खरी मजा संध्याकाळची. बांधावरची वाट सायकलपुरतीच रुंद. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला लोकांच्या परसबागा. कोणाच्या दोरीवर मोजे वाळत असत, कोणी शिडीवर चढून खिडकी रंगवत असे. लव्हाळ्यात एक बगळा उभा असायचा, इतका निश्चल की पहिले तीन दिवस तिला तो कोणीतरी रोवून ठेवलेला वाटला होता. पुढं दाट झाडं. त्यांच्याखालून जाताना ऊन हातांवर ठिपक्याठिपक्यांनी सरकत जायचं. तिथं तिला कोणी काही मागत नसे. दिवसभरात बाकी कोण काही मागत नव्हतं?

साडेपाचच्या सुमारास मात्र छाती जड व्हायला लागे. दुधाला घराची वेळ बरोबर कळायची. मग ती जोरात पायडल मारी, आणि दारात पोचेपर्यंत चेहरा असा करी जणू आत्ताच टेबलावरून उठून आली आहे.

त्या गुरुवारी तिच्याकडं एक जादाचं काम होतं. एका निवृत्त मास्तरांची खालची-वरची कवळी तयार झाली होती. पुढचे सहा दात तिनंच बसवले होते. हे काम नाजूक. जरा तिरके बसले की माणूस लबाड दिसतो, अगदी एका रेषेत बसले की दात उसने दिसतात. मास्तरांचा जुना फोटो समोर ठेवून तिनं एक दात केसाएवढा पुढं काढला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं शाळेत भाषण होतं.

“जाता जाता दवाखान्यात टाक गं,” पॉलिशवाली मावशी म्हणाली आणि ओल्या कापसात गुंडाळलेल्या दातांची डबी तिच्या हातात दिली. कवळी कोरडी पडू द्यायची नसते, वाकडी होते. “मास्तर पाचपासून येऊन बसणार आहेत. आणि धक्के देऊ नकोस, नाहीतर वाटेतच बोलायला लागतील.”

दवाखाना हमरस्त्यावर होता. फुगीच्या आईनं डबी सायकलच्या पुढच्या टोपलीत ठेवली, वर स्वेटर टाकला, आणि वळणावर आल्यावर तिची सायकल नेहमीसारखी बांधाकडं वळली. तिनं काही ठरवलं नव्हतं. पायांनाच ती वाट पाठ झाली होती.

त्या दिवशी नदी अशी शांत होती की पलीकडच्या काठाची घरं पाण्यात उलटी उभी होती. ती गुणगुणत होती. झाडं संपली तिथं तिनं स्वेटर घालायला हात पुढं केला, आणि डबी दिसली.

“अगं बाई! मास्तर!”

पाच चौतीस झाले होते. फोन पिशवीच्या तळाशी मुका पडला होता. वर्कशॉपमध्ये तो बंद आवाजात ठेवायचा नियम होता आणि बांधावर तो तसाच ठेवायचा हा तिचा स्वतःचा. काढून बघायचीही तिची छाती झाली नाही. सायकल वळवून ती जी सुटली ती दवाखान्याच्या पायरीशीच थांबली. सहाला दहा कमी होते.

दातांच्या डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. “अगं, आहेस कुठं तू! मी किती फोन केले. शेवटी वर्कशॉपच्या यादीतून तुझ्या घरचा नंबर काढला.”

फुगीच्या आईनं डबी पुढं केली. “घरी? काय म्हणाल्या सासूबाई?”

“म्हणाल्या, साडेपाचला सुटते ती, येईल. मी म्हटलं, अहो आई, वर्कशॉप पाचलाच बंद होतं, मावशी म्हणतात ती पाचच्या ठोक्याला निघाली. मग त्यांनी फोनच ठेवला.”

आतून मास्तर आले. त्यांनी पाठमोरं होऊन कवळी तोंडात बसवली, दोनदा चावून बघितली आणि वळले. दात त्यांच्याच चेहऱ्यातून उगवल्यासारखे दिसत होते.

“पाऊण तास,” मास्तर म्हणाले, “तुम्हाला रागवायचं मनात घोळवत होतो. पण दातांशिवाय रागावता येत नाही हो. नुसती हवा जाते. आणि आता दात आले तर राग गेला!”

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. फुगीची आईही हसली, पण हसू तोंडातल्या तोंडातच राहिलं.

ती हमरस्त्यानं घरी निघाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला तो चढ जाणवला. आता काय सांगायचं? वर्कशॉपमध्ये काम होतं म्हणावं, तर ते दार बंद झालं होतं. कोणी भेटलं म्हणावं, तर कोण? एक खोटं झाकायला दुसरं शोधता शोधता तिच्या लक्षात आलं की आपल्याला भीती सासूबाई रागावतील याची नाही. उद्यापासून आपली नदी गेली, याची आहे. आणि हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

सासूबाई खाली फाटकाशी उभ्या होत्या. कडेवर फुगी. एका पायात निळी चप्पल, एका पायात तपकिरी.

“पाचला सुटतेस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“पहिल्यापासून?”

“वर्कशॉप उघडल्यापासून पाचच आहे, आई.”

“मला वाटलं, पडलीस कुठंतरी.” त्यांचा आवाज चिरकला. “तीनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले हिला घेऊन. प्रत्येक सायकल तुझीच वाटत होती.”

फुगीनं आईला बघून दोन्ही हात पुढं केले. तिघी वर खोलीत आल्या. फुगीची आई खुर्चीत बसून पाजायला लागली, आणि फुगीच्या गटागट आवाजात सासूबाईंनी पुढचा प्रश्न विचारला.

“कोणाला भेटायला जातेस?”

“कोणालाच नाही.”

“मग करतेस काय अर्धा तास?”

“सायकल चालवते.”

“सायकल तर घरी यायलाही चालवतेस.”

“ती घरी यायला, आई. ही नुसतीच.”

सासूबाईंनी तिच्याकडं बघितलं. सुनेचं डोकं ठिकाणावर आहे की नाही हे जोखत असाव्यात. “मग मागायचास की अर्धा तास. मी काय वाघ आहे?”

“मागितला असता तर तुम्ही दिला असता. मग रोज तुमचे उपकार आठवत पायडल मारायचे.”

“छे,” सासूबाई म्हणाल्या. “दिला नसता.”

फुगीच्या आईनं मान वर केली.

“खरं सांगते. पाच वाजले की माझी पाठ बास म्हणते. ही पोरगी दिसते फुग्यासारखी, पण उचलायला दगड आहे. साडेपाचपासून मी घड्याळाकडं बघत बसते. मनाला म्हणते, ती बिचारी तिकडं दात कोरत बसलीय, आपण काय कुरकुरायचं.”

फुगीच्या आईला ते आत कुठंतरी लागलं. झाडांखालून सरकणारं ऊन, पाण्यातली उलटी घरं, ते सगळं कोणाच्या पाठीवर उभं होतं हे तिला आत्ता कळत होतं. “उद्यापासून पाच-वीसला घरात असेन मी,” ती म्हणाली, आणि मोकळ्या हाताच्या मनगटानं डोळे पुसले.

“थांब, लगेच डोळ्यांतून पाणी नको काढूस, ती पिताना ठसकेल.” सासूबाई पलंगावर टेकल्या, पाठीशी उशी घेतली. “तुझा नवरा दुपारपाळीला जातो. सकाळी दहापर्यंत लोळत असतो. असतो ना?”

“असतो.”

“त्याला उठव. तू साडेआठला निघालीस की ही त्याच्या पोटावर. तासभर मी मोकळी. पडेन, नाहीतर बाहेर जाईन, कुठं जाते ते विचारायचं नाही. तेवढं झालं तर साडेपाच काय, सहापर्यंतही माझी पाठ तक्रार करायची नाही.”

“पण हे आधी का नाही बोललात?”

“माझ्या मुलाची झोप मोडणं माझ्या जिवावर यायचं.” सासूबाईंनी पाठीमागची उशी नीट केली. “तुझ्या कशाला यायला हवं?”

आता मात्र फुगीच्या आईला खरंच हसू फुटलं. असं की फुगी पिता पिता थांबली आणि कोणाची मजा चाललीय ते बघायला लागली.

“आणि फोन चालू ठेवायचा,” सासूबाई म्हणाल्या. “नदीला काही फोनचा त्रास होत नाही.”

“नदीवर जाते हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सायकलच्या चाकांना रोज ओली माती असते. मला वाटायचं, वर्कशॉपच्या दाराशी चिखल असेल. तिथल्या लोकांना मी मनातल्या मनात किती नावं ठेवलीत!”

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला उठवलं तेव्हा तो म्हणाला, “अगं, पण हिचं मी काय करायचं?” ती दारातून म्हणाली, “तीच सांगेल,” आणि उताराला लागली.

संध्याकाळी पाचला ती बांधावर आली. आज घड्याळ बघायचं नव्हतं तरी दोनदा बघितलंच. नंतर विसरली. पादचारी पुलावर सायकल टेकवून ती कठड्याशी उभी राहिली. दोन महिन्यांत तिथं थांबायचं धाडस तिला झालं नव्हतं. खालून एक होडी निघाली होती. वल्हवणारा माणूस वल्ही उचलून बसला होता आणि होडी आपली आपण पुढं जात होती.

फोन वाजला.

“कुठं आहेस?” सासूबाईंचा आवाज.

“पुलावर.”

“बरं. झोपलीय ती आत्ताच. सावकाश ये.”