खळ्यावरची राख

मी एक जुनं शेतघर आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याकडच्या काळ्या रानात १९०६ साली माझा पाया घातला गेला. वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, डावीकडे गोठा आणि गोठ्याआड ज्वारीचं खळं. मित्रांनो, ते खळं मला अर्धंच दिसे.

एका मार्गशीर्षात मालकांनी, रुपचंद आबांनी, राशीभोवती राखेची रेघ ओढली. दाण्याला कुणी हात लावला की रेघ मोडते. सकाळी पाहतात तर मोडलेली! दुसऱ्या दिवशीही तेच. आबा जो येईल त्याचे हात बघू लागले.

"राख का आपोआप सरकस?" त्यांची बायको सुंदरबाई म्हणाली. "खळावर कोन ऱ्हास? सिंगाच ना!"

सिंगा आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा, डोंगरातला. राखणीला तोच. खरं सांगायचं तर मलाही त्याचाच संशय आला. तो घोंगडी झटकी, तेव्हा मी दाणे गळतात का ते पाही.

तिसऱ्या पहाटे तो रोजच्यासारखा विहिरीवरून बैल घेऊन आला आणि आबा कडाडले, "उचल तुनं घोंगडं!"

"आबा, एक दाना बी मी लिधा नई."

"मंग भूतनी लिधा का रे?"

सिंगाने मान खाली घातली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि चालू लागला.

तेवढ्यात गोठ्याआडून आबांची आई, मंजुळाबाई, आली. महिनाभर सूर्य उगवेपर्यंत मौन आणि पाखरांना गुपचूप मूठभर दाणे, असं तिचं व्रत. अंधारात आपला पदर राखेवरून फिरतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. अजून उजाडायचं होतं. तिने एकदा पूर्वेकडे पाहिलं, मग पाठमोऱ्या सिंगाकडे.

"सिंगा, थांब रे भाऊ! दाना मी लेस, चिडीसकरता."

"माय, तुनं व्रत मोडनं," सिंगा पुटपुटला.

"मोडू दे. देव समजी लेई."

आबांनी सिंगाच्या खांद्यावरची घोंगडी उतरवून घेतली. सिंगाने साल पुरं केलं. पुढच्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवं साल ठरायच्या वेळी मात्र तो दुसऱ्याच्या शेतावर लागला. आबा स्वतः बोलवायला गेले, तेव्हा म्हणाला, "घर चांगलं शे आबा तुनं. पन तठे मले आते नींद नई येस."

मित्रांनो, माझ्या भिंती खचल्या तर त्या पुन्हा लिंपता येतील. पण राबत्या माणसावर बोट उचलण्याआधी घरच्यांना एक शब्द विचारा. आम्ही कुणी विचारला नव्हता.