नऊ एप्रिल

हरेश्वर इन्स्पेक्टरांनी मांसाच्या थंड खोलीत थर्मामीटर लटकवला, पाच मिनिटांनी काढून वाचला. चार अंश. सालोमीचा जीव भांड्यात पडला.

"आजचं ठीक. आता वही आणा."

गास गावातला हा सॉसेजचा कारखाना म्हणजे घरामागची शेड, आठ बायका, सालोमी आणि तिची सासू. परवाना गेला तर आठही बायका घरी बसणार. खोलीचं तापमान रोज दोनदा वहीत लिहायचं, असा नियम. पण पहाटेपासून मांस कापणाऱ्या बाईला एवढी फुरसत कुठली! सालोमी रविवारी बसून येत्या आठवड्याचे आकडे आधीच लिहून ठेवायची. चार, चार, चार.

हरेश्वरांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"नऊ एप्रिल. तो गुड फ्रायडे होता ना? मी नायगावचा आहे. त्या दिवशी तुमच्यात कोणी मांसाला शिवत नाही, हे मला ठाऊक आहे. मग कारखाना उघडला कोणी?"

सालोमीच्या तोंडचं पाणी पळालं. वही खोटी म्हटली की संपलंच सगळं.

"मी," सासू मटिल्डाबाई पुढे झाल्या. "मी बघून हिला आकडा सांगितला."

हातातली जपमाळ त्यांनी पदराआड केली.

"आजी, कसं बघितलंत?" हरेश्वरांनी थर्मामीटर त्यांच्यासमोर धरला. "आता किती दाखवतो?"

मटिल्डाबाईंनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्यांनी काचेकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"चार."

खोलीबाहेरच्या उकाड्यात पारा केव्हाच एकतीसवर गेला होता. हरेश्वरांनी थर्मामीटर खिशात ठेवला. आठ बायकांच्या सुऱ्या थांबल्या होत्या. हरेश्वरांनी एकदा तिकडे पाहिलं.

"बरं. मग नऊ तारखेपुढे आजींचा अंगठा घ्या. मी परवान्यावर सही करतो."

म्हातारीने अंगठा शाईच्या पॅडवर दाबला. तिचे ओठ हलत होते. क्षमाच मागत असावी. अंगठा कागदाला टेकणार, तोच सालोमीने तिचं मनगट धरलं.

"नको, साहेब. वही मीच आधी लिहून ठेवते. खोटी आहे ती. त्या दिवशी आई चर्चमध्ये गुडघ्यांवर होत्या, दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही त्यांनी."

"अगं, काय केलंस हे!" मटिल्डाबाई म्हणाल्या. "ह्या पोरींनी आता जायचं कुठे?"

हरेश्वरांनी सही न करता पेनला टोपण लावलं. सालोमी खाली बसली आणि सासूचा निळा अंगठा पदराने पुसत राहिली. डाग काही जाईना.