इस्तारीचं विमानाचं तिकीट

गोंडपिपरीच्या गुणवंतरावांनी त्या साली कीटकनाशक एवढं विकलं, की कंपनीनं खूश होऊन त्यांना जोडीनं युरोपच्या बोटीवर धाडायचं ठरवलं. तालुक्यातल्या किड्यांचं मत कोणी विचारलं नाही. जाणं आणि बोट कंपनीची; शेवटी रोमला उतरल्यावर घरी कसं यायचं, ते ज्याचं त्यानं पाहावं. त्यांच्या बायको वच्छलाबाई म्हणाल्या, माझी माय नाई तं मी बी नाई. म्हणून गुणवंतरावांच्या सासूबाई, इंदिराबाई, स्वखर्चानं तिसऱ्या.

परतीची जुळवाजुळव आली प्रफुलकडे. प्रफुलचं बसस्टँडसमोर इंटरनेटचं दुकान होतं आणि गुणवंतरावांच्या मुलीशी, पुनमशी, लग्न करायची इच्छा होती. लोडशेडिंगमुळे दुकान अर्धा दिवस बंद असे. इच्छेला लोडशेडिंग नव्हतं.

"हे पाय प्रफुल," गुणवंतराव म्हणाले, "आमाले रोमहून घरी आनून दाखव. धड आलो, तं पुनमचं बोलू. नाई आलो, तं बोलाले मी राह्यनारच नाई."

प्रफुलनं रोमच्या विमानतळाजवळचं हॉटेल शोधलं आणि बोट नि विमान यांच्या मधे एक मुक्काम ठेवला. बोट सकाळी लागते म्हणतात. पण सकाळची गडचिरोली बस दुपारी लागलेली त्यानं पाहिली होती, आणि तिच्या वाटेत तर समुद्रही नाही. मग नावं विचारायला तो घरी गेला. ओसरीवर इंदिराबाई एकट्याच होत्या.

"आजी, किती जन जाऊन राह्यले तुमी?"

"चौघं."

"चौघं?"

"चौघं म्हनलं नं!"

"चौथ्याचं नाव काय?"

म्हातारीनं पदराची गाठ चाचपली. "इस्तारी."

"आडनाव?"

"आमचंच लाव."

होणाऱ्या आजेसासूची उलटतपासणी कोण घेणार? सिरोंच्याकडचा कोणी मामा असेल, असं धरून प्रफुलनं चार पलंगांची खोली आणि चार तिकिटं काढली. इस्तारीमामा पहिल्यांदाच चाललेत म्हणून त्यांना खिडकी दिली. तिकिटांचा कागद गुणवंतरावांनी न वाचताच पिशवीत घातला.

नागपूरच्या विमानतळावर सोडायला प्रफुलच गेला. जीपमधून तिघंच उतरले.

"आजी, इस्तारीभाऊ कुठी राह्यले?"

इंदिराबाईंनी पदराची गाठ सोडली. आत लिंबाएवढा दगड.

"हा काय. तिघायनं बाहेर निघू नाई, काम बिघडते. म्हनून चौथा घेतला. वैनगंगेतला हाय, सोभावानं थंडा."

प्रफुलच्या पायाखालचं विमानतळ सरकलं. तिघं निघाले की चौथा म्हणून खडा घेतात, हे त्यालाही माहीत होतं. दोन मित्रांसोबत गणिताच्या पेपरला जाताना त्यानंही खिशात ठेवला होता. पण खड्याला खिडकीची जागा देणारा तालुक्यात तो पहिलाच. तिकीट आता परतही होईना. त्यानं चौघांना हात हलवून निरोप दिला.

मग वाट पाहणं आलं. पुनम दुकानात येऊन बसायची.

"काऊन असा बसून राह्यला?"

"तुया इस्तारीमामाची वाट पाहून राह्यलो."

"मले इस्तारीमामा नाई."

"तेच तं."

परतीच्या दिवशी मुंबईहून फोन आला. पुनमनंही रिसीव्हरला कान लावला.

"प्रफुल!" गुणवंतराव ओरडले. "हॉटेलात पलंग चार, आमी तीन. म्हनलं, या पोट्ट्याले घरी जाऊन पाह्यतो. विमानतळावर गेलो, तं भोंग्यावर पुकारा, इस्तारी, इस्तारी! अख्खं रोम ऐकून राह्यलं!"

"मंग?"

"मंग काय, म्हातारी उठली, टेबलावर दगड ठेवला, अन् म्हने, हजर."

प्रफुलनं डोळे मिटले.

"त्यायनं दगड मशीनमधून दोनदा काढला. दगडात काय सापडंल? देल्ला वापस."

"अन्... जागा?"

"तेच सांगून राह्यलो! बोटीवर म्हातारीचा गुडघा सुजून टम्म झाला होता. इस्तारीच्या जागेवर पाय पसरून मुंबईवरी मजेत आली. नाई तं अर्ध्या जगावर तिचे पाय माया मांडीवर राह्यले असते." गुणवंतरावांनी घसा खाकरला. "आजकालची पोट्टी चौथा मानत नाई, प्रफुल. तुनं त्याचं तिकीट काढलं."

प्रफुलनं खरं सांगायला तोंड उघडलं. पुनमनं त्याच्या पायावर पाय ठेवला. त्यानं तोंड मिटलं.

"आयतवारी मायबापाले घेऊन ये. बोलून घेऊ."

फोन ठेवल्याबरोबर लाइट गेली आणि पंखा थांबला. प्रफुलला मात्र कितीतरी दिवसांनी हवेशीर वाटलं.

आयतवारी प्रफुल, त्याची माय आणि बाप निघाले. तिघं. प्रफुलनं अंगणातला एक दगड धुऊन खिशात टाकला. दारात इंदिराबाईंनी त्याला थांबवलंच.

"याचं नाव काय?"

"वारलू," प्रफुल तयारीनं म्हणाला.

म्हातारीनं वारलूला इस्तारीशेजारी पाटावर बसवलं आणि दोघांपुढे चहा ठेवला. घरातल्यांचं बोलणं दुपारपर्यंत चाललं, मधे एकदा हुंड्यावरून आवाजही चढले. त्या दोघांचा चहा निवून गेला. पण सोयरीक जमली, आणि पाटावरून कोणी उठून गेलं नाही.