वीरगळापाशी राहिलेली काठी

दाराआड टेकून उभी आहे ती मी, एक जुनी काठी. मित्रांनो, माझं बोलणं जरा सावकाश ऐका. जन्मभर मी एका लंगडत्या माणसाच्या चालीनं चालले आहे.

मी भरीव वेळूची. माणचा गुंडा धनगर दरवर्षी मेंढरं घेऊन कृष्णेकाठच्या या गावात यायचा. खतासाठी रानात त्याचा कळप बसायचा. त्यानंच मला विस्तवावर शेकून सरळ केलं, तेल पाजलं, टोकाला लोखंडी शेंबी बसवली आणि लालासाहेबांच्या हातात दिलं.

"घ्या सुभेदार. तुमच्या आदी ही मोडायची न्हाई."

लालासाहेब फौजेतून गुडघा दुखावून परतले होते. त्यांनी मला दोनदा जमिनीवर आपटून पाहिलं आणि हसले.

मग अठरा वर्षं रोज संध्याकाळी आमची एकच फेरी. घरून निघायचं, जुन्या बारवेच्या काठानं उसात शिरायचं, हळदीच्या बांधावरच्या वीरगळापर्यंत जायचं आणि परत. दोन पावलं, मग मी. दोन पावलं, मग मी. बारवेपाशी माझा आवाज खाली पाण्यापर्यंत जाऊन परत यायचा. पण जरा उशिरा, कुणी पायऱ्या चढून येत असल्यासारखा. मला ते कधी आवडलं नाही.

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. आमच्या वीरगळावर खाली गाई, मध्ये तलवार उगारलेला गडी आणि वर चंद्रसूर्य. त्या गड्याचं नाव कुणालाच माहीत नाही. आमच्याकडे निघणारा 'येतो' म्हणतो आणि राहणारा 'या' म्हणतो. 'जातो' कुणी म्हणत नाही. लालासाहेब निघताना मला दगडावर हलकेच वाजवून म्हणायचे, "येतो रं गड्या." मग शेजारी वैरण कापणाऱ्या भामाबाईंना सांगायचे, "इतकी वर्सं झाली, पन ह्यो एकदाबी 'या' म्हनला न्हाई."

"दगुड 'या' म्हनला तर पयलं तुमीच पळाल!" भामाबाई म्हणायच्या.

गेल्या कार्तिकातल्या एका संध्याकाळी त्यांनी मला वीरगळाला टेकवलं. वाजवलं नाही. दगडाकडे पाहत म्हणाले, "जातो."

भामाबाईंचा विळा थांबला. "आवं सायब, जातो काय? येतो म्हना!"

ते नुसते हसले आणि चालू लागले.

"आवं, काठी ऱ्हायली!"

"असू दे. त्याला सोबत."

ते लंगडत नव्हते. उसामधल्या वाटेनं सरळ, ताठ चालत गेले. पहाटे ते वारले.

मला न्यायला कुणी आलं नाही. दवानं शेंबी गंजली. अंगावरून मुंग्या फिरल्या. आणि रोज त्याच वेळेला वाटेवर पावलं वाजायची. दोन पावलं, मग एक जागा मोकळी. ती जागा माझी होती. पावलं वीरगळापाशी येऊन थांबायची. समोर कुणी नसायचं, उसाचं पातंही हलायचं नाही. यायची ती पावलं. परत गेलेली मी कधी ऐकली नाहीत.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी त्यांची मुलगी राजेश्वरी बांधावर आली. ते गेले त्या दिवशी ती सांगलीहून पोहोचली, तेव्हा आबांशी बोलायची वेळ टळून गेली होती. तिनं मला पाहिलं, पण हात लावला नाही.

"भामाकाकू, निघताना आबा काय म्हणाले?"

"काय म्हननार? येतो म्हनलं. रोजच्यासारकं."

"आणि काठी?"

"इसरलं आसतील."

"आबा काठी विसरत नव्हते, काकू."

भामाबाईंनी तोंडाला पदर लावला. "जातो म्हनलं, पोरी. म्या म्हनलं, येतो म्हना. त्यांनी म्हनलंच न्हाई."

राजेश्वरी दगडावरच्या गड्याकडे पाहत राहिली. तेवढ्यात उसातून पावलं आली. दोन पावलं, मग मोकळी जागा. भामाबाईंनी वैरणीचा भारा तसाच टाकला आणि गावाची वाट धरली. पावलं आमच्यासमोर येऊन थांबली.

राजेश्वरीनं मला उचललं. तिचा हात गार होता. तिनं मला दगडावर एकदा वाजवलं, रिकाम्या वाटेकडे तोंड केलं आणि म्हणाली, "या, आबा."

परतताना ती पुढं चालत होती. तिची दोन पावलं, मग मी. आणि आमच्या मागं आणखी दोन. तिनं वळून पाहिलं नाही. बारवेपाशी माझा आवाज खाली गेला आणि लगेच परत आला. या वेळी त्याला उशीर झाला नाही.

मित्रांनो, घरातलं माणूस गेलं की त्याची काठी अडगळीत टाकू नका. तिच्या मुठीवर त्याचा हात असतो. आणि कुणी उंबऱ्यातून निघालं तर हातातलं काम क्षणभर थांबवा, त्याच्याकडे पाहा आणि 'या' म्हणा. तो काय म्हणून निघाला, हे तुम्हाला नीट ऐकू आलं नसलं तरी म्हणा.

राजेश्वरी आता काही दिवस इथंच राहणार आहे. संध्याकाळ झाली की ती दार थोडं उघडं ठेवते. आज अजून ती पावलं आलेली नाहीत. मी कान देऊन उभी आहे.