डिंपनाचा खालचा सूर

सात वर्षं! एवढ्यात लोकांची लग्नं होऊन मोडतात. पण फिन्टन टब्रिडीच्या हातचे इलन पाइप्स, म्हणजे काखेतली पिशवी दाबून वाजवायचं आयरिश वाद्य, हवं तर नाव नोंदवायचं आणि गुमान वाट बघायची, हे आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात कुणाला सांगावं लागत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा माणूस घरामागच्या शेडमध्ये वर्षाला चारच वाद्यं करतो, पण अशी, की हातात घेणाऱ्याची बोलतीच बंद व्हावी.

डिंपना हेहिर या निवृत्त पोस्टवालीचा नंबर शेवटी मंगळवारी लागला. पण ती शेडबाहेर गाडीतच बसून राहिली, उजवा हात चोळत. संधिवाताने करंगळीशेजारचं बोट आखडलं होतं. फिन्टनला कळलं तर वाद्य पुढच्या माणसाकडे जाईल, याची तिला धास्ती होती. जो वाजवणार नाही त्याला तो देतच नसे. भिंतीवर टांगायला मागणाऱ्या एका श्रीमंताला त्याने दारातूनच हाकललं होतं.

आत गेल्यावर ती क्षणभर सगळं विसरली. काळंभोर लाकूड, पितळेची वळी, आणि सांधा शोधूनही सापडेना. तिने भाता एका कोपराखाली बांधला, पिशवी दुसऱ्या काखेत घेतली. वरचे सूर असे स्वच्छ आले की तिला हसूच फुटलं. मग खालच्या सुरासाठी तिने सूरनळीची सगळी भोकं झाकली आणि नळी किंचाळली.

"पत्ती बिघडलीय," ती घाईने म्हणाली. "हवा दमट आहे ना आज."

पत्तीला दोष देणं हा सगळ्या पाइपवाल्यांचा जुना रोग. फिन्टनने नळीच्या तोंडाशी बसवलेल्या बोरूच्या त्या पत्तीकडे बघितलंही नाही. त्याने वाद्य घेऊन तोच सूर वाजवला. सूर शेडभर घुमला.

"पत्तीला काय धाड भरलीय! हात दाखव."

"हात कशाला?"

"दाखव म्हणतो ना."

तिने दाखवला आणि तिला रडू कोसळलं. "द्या पुढच्याला. माझं नाव खोडून टाका."

फिन्टनने तिचं आखडलेलं बोट नळीवर ठेवलं आणि ते सहज टेकलं तिथे पेन्सिलीने खूण केली. मग लाकडाची खुंटी तासली, गोंद लावला आणि त्या बोटाच्या जुन्या भोकात ठोकून ते बुजवलं.

"अहो, काय करताय! इतकी बिनचूक नळी..."

"बिनचूक कुणासाठी? तुला वाजवता येत नसेल तर ते सरपण आहे, बाई."

गोंद वाळेपर्यंत दोघांनी चहा घेतला. मग त्याने नव्या जागी भोक पाडलं, आतून खरवडून सूर जुळवला. हात एकदाही अडखळला नाही. एवढी मोठी कारागिरी डिंपनाने आयुष्यात पाहिली नव्हती.

तिने पुन्हा पिशवी दाबली. खालचा सूर आला. किंचित घोगरा, पण भरून आला.

"आणि बोट अजून आखडलं तर?" तिने डोळे पुसत विचारलं.

"तर परत ये. नळीवर अजून जागा आहे."