बटणांत गेलेले अक्षर

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. आज मी एका सायकलच्या दुकानावर टांगलेली आहे आणि माझ्यावर जे लिहिले आहे ते पुरे नाही. येणारा-जाणारा मान वर करून वाचतो, थबकतो आणि आत बसलेल्या पोरीला विचारतो, "पुढचं काय झालं?" ती हातातला पाना खाली न ठेवता म्हणते, "राहिलं." काय राहिले आणि का राहिले, हे मला माहीत आहे. ते सांगितल्याशिवाय आता माझ्याने राहवत नाही.

माझा जन्म एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात, सुतारकामाच्या खोलीत झाला. मोडक्या कपाटाचे दार कापून सुताराने मला काढले. कोणाच्या बोटात कुसळ जाऊ नये म्हणून त्याने माझ्या कडा घासून गुळगुळीत केल्या. मग शिवणकाम करणाऱ्या बाईंनी एका जुन्या शर्टाचा पुढचा भाग माझ्या अंगावर ताणून बसवला आणि कडेने चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकून घेतले. ना बाह्या, ना पाठ, ना खिसा. नुसती छाती आणि बटणे. वरचे बटण चांगले मोठे, आणि खाली उतरावे तसे बारीक होत जाणारे. शेवटचे तर इतके चिमुकले, की धडधाकट माणसानेही ते जीभ बाहेर काढून लावावे.

माझी नेमणूक पहिल्या मजल्यावर झाली. दारावर 'व्यवसायोपचार विभाग' असे भारदस्त नाव होते, पण सगळे त्याला हातांचा विभाग म्हणत. आजाराने किंवा अपघाताने ज्यांचे हात रुसले होते, ती माणसे तिथे रोजची कामे नव्याने शिकत. कोणी चमचा धरी, कोणी नळ फिरवी, कोणी केस विंचरी. बटणे माझ्याकडे होती. एका आजींनी माझे शेवटचे बटण लावले, तेव्हा त्या मला छातीशी धरून रडल्या. एका बस ड्रायव्हरने माझी पाठ थोपटली. मला पाठ आहे हे मला तेव्हाच कळले. खोटे कशाला बोलू, माझ्या डोक्यात हवा गेली. मला वाटू लागले, माझी बटणे लागली की माणूस सुटला.

मग पेंटर आला. शहरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. सगळे त्याला पेंटरच म्हणत, त्याची बायकोसुद्धा. त्याच्या स्नायूंना असा आजार जडला होता, की गेलेली ताकद परत येत नव्हती. डॉक्टरांनी हे त्याला आडपडदा न ठेवता सांगितले होते. सकाळी उठल्यावर थोडा वेळ त्याची बोटे त्याचे ऐकत. ती ताकद एकदा वापरली, की दुसऱ्या दिवसापर्यंत हात ओल्या फडक्यासारखे लोंबत राहत.

विभागातल्या मॅडम तरुण होत्या, कष्टाळू होत्या, मनाने चांगल्या होत्या. त्यांनी पेंटरला विचारले, "काय काय जमत नाही तुम्हाला?"

"ते राहू द्या," पेंटर म्हणाला. "मला एकच काम करायचंय. माझी लेक सायकल दुरुस्तीचं दुकान काढतेय. तिची पाटी मी रंगवणार, हे ती शाळेत असल्यापासून ठरलंय."

"छान आहे की. पण आधी रोजची कामं. कपडे, जेवण, अंघोळ. छंदाचं नंतर बघू."

"छंद कसला, मॅडम? यावर घर चाललंय आमचं. दारावर तर तुम्हीच व्यवसाय लिहिलंय."

मॅडम हसल्या आणि त्यांनी मला उचलून त्याच्यापुढे ठेवले. पेंटरची बायको शेजारी उभी होती. ती म्हणाली, "बटणं मी लावत जाईन ना. त्यात काय एवढं?"

"तुम्ही लावलीत तर ते कायम तुमच्यावर अवलंबून राहतील, मावशी."

"ते तर लग्न झाल्यापासून आहेतच."

सगळे हसले, आणि त्या माणसाचे म्हणणे हसण्यावारी गेले. मीही त्या दिवशी मनातल्या मनात हसले होते. आज ते हसू आठवले की जीव कासावीस होतो.

घरी सराव करायला म्हणून मला पेंटरबरोबर पाठवले. दोन खोल्यांचे घर. आतल्या खोलीत भिंतीला टेकून एक मोठा पत्रा उभा होता. लेकीने त्याला स्वतः पांढरा रंग मारून ठेवला होता, फक्त अक्षरे उमटायची बाकी होती. रोज सकाळी पेंटर उठे, त्या पत्र्याकडे बघे, आणि मला मांडीवर घेऊन बसे. मॅडमचा आपल्यासाठी जीव तुटतो, तेव्हा त्यांचा शब्द मोडायचा नाही, असे त्याचे म्हणणे. बायको समोर बसून राही. हात लावायचा नाही असे तिला बजावले होते. तिचे हात शिवशिवत, म्हणून ती ते पदराखाली धरून ठेवी.

मोठी बटणे लागत. मधली लागता लागता त्याच्या कपाळावर घाम येई. शेवटच्या चिमुकल्या बटणाशी त्याच्या नाकी नऊ येत. ते लागले की तो उठून ब्रश घेई, आणि ब्रश त्याच्या बोटांतून गळून पडे. बायको खाली सांडलेला लाल रंग पुसून काढी. पांढरा पत्रा दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच उभा राही.

मित्रांनो, मला ओरडावेसे वाटे. अरे, ठेव मला बाजूला! तुझ्या दिवसाची सगळी ताकद मी गिळते आहे, आणि मी तर खोटा शर्ट आहे, मला घालून कोणी कुठे जाणार नाही! पण फळीला तोंड कुठले? तिकडे लेकीने दुकान उघडायचा दिवस एकदा पुढे ढकलला, मग आणखी एकदा ढकलला. "बाबा, सावकाश होऊ द्या," ती म्हणे, आणि बाहेर जाऊन डोळे पुसून येई.

एके दिवशी विभागात परीक्षा झाली. पेंटरने माझी सगळी बटणे लावली, अगदी शेवटचेसुद्धा. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. चमचेवाले, नळवाले, सगळ्यांनी जमतील तशा टाळ्या वाजवल्या.

"झालात तुम्ही स्वावलंबी!" मॅडम म्हणाल्या.

पेंटरने हात माझ्यावर टेकवले. "मॅडम, हे हात अजून किती दिवस चालतील?"

मॅडमची नजर खाली गेली. "नक्की सांगता येत नाही. पण फार नाही."

"मग ते दिवस कशावर घालवायचे, हे कोण ठरवणार? मी का तुम्ही?"

मॅडमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही खचलाय, म्हणून असं बोलताय. सराव सोडू नका."

"खचलो नाही, मॅडम," पेंटर म्हणाला. "मला घाई आहे."

त्यानंतर तो विभागात गेला नाही. दुसऱ्या दिवशी उठल्याउठल्या त्याने ब्रश घेतला आणि तो थेट पत्र्यापुढे उभा राहिला. पण तोवर आजार खांद्यापर्यंत चढला होता. हात छातीच्या वर उचललाच जाईना. त्याने पुन्हा प्रयत्न केला, आणि पुन्हा. मग तो पत्र्याला कपाळ टेकवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. बायको दारात मटकन खाली बसली. मी खाटेवर पडून हे बघत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते.

बऱ्याच वेळाने तो वळला. त्याची नजर माझ्यावर पडली.

"ही मांडीवर मावते," तो म्हणाला. "हिचं कापड काढ."

"दवाखान्याची आहे हो. मॅडम ओरडतील."

"ओरडू देत."

बायकोने पकड आणली आणि माझ्या चुका एकेक करून उपटल्या. दुखले, मित्रांनो. पण इतके मोकळे मला जन्मात वाटले नव्हते. शर्ट निघाला, बटणे निघाली. लेकीने मला घासून पांढरा रंग दिला. दुसऱ्या दिवसापासून बायको पेंटरच्या अंगात स्वतः सदरा घाली, भराभर बटणे लावी आणि त्याची सकाळची सगळी ताकद ब्रशसाठी शिल्लक ठेवी. मॅडमनी चमचा धरता यावा म्हणून त्याच्या तळहाताला एक पट्टा शिवून दिला होता. त्यात आता ब्रश अडकवला. असे एकेका सकाळी एकेक अक्षर करत माझ्यावर 'सायकल' उमटले. बायको म्हणाली, हे त्याच्या जुन्या अक्षरांइतके सरळ नाही. तो म्हणाला, "सायकल सरळ चालली म्हणजे झालं."

मग एका सकाळी मॅडम घरी आल्या. इतके दिवस पेंटर का आला नाही ते बघायला आल्या होत्या. त्यांनी मला पाहिले, कापड उपटलेली, लाल अक्षरे ल्यालेली. पट्ट्यातला ब्रशही पाहिला. पेंटरचा सदरा पाहिला, त्याची बटणे कोणी लावली असतील हे त्यांना कळले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. माझा जीव टांगणीला लागला, की आता ह्या मला परत नेणार. मग फार हळू आवाजात त्यांनी विचारले, "मी काय करू?"

"फळी हलतेय," पेंटर म्हणाला. "धरा."

मॅडम खाली बसल्या आणि त्यांनी मला दोन्ही कडांनी घट्ट धरले. त्यानंतर त्या जमेल तेव्हा येत राहिल्या. 'दु' झाला. पुढे 'रु' झाला. राहिले होते एक जोडाक्षर.

ते काढायच्या सकाळी ब्रश रंगात बुडवून माझ्यावर टेकवला गेला, आणि तिथेच राहिला. पट्ट्यातला हात हलेना. आम्ही सगळ्यांनी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाहिली, तिसऱ्याही. मग बायको म्हणाली, "मी तुमचा हात धरून फिरवू का?"

"नको. तुझं अक्षर मला माहीत आहे," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला त्याला हात उचलता येत नव्हता. "आहे तेवढंच टांगा. दुसऱ्या कोणी पुरं करायचं नाही."

मॅडम तोंड फिरवून रडत होत्या. विभागात फळी हरवली म्हणून सांगेन, एवढे बोलून त्या गेल्या. तो मोठा पांढरा पत्रा लेकीने दुकानामागच्या छपरावर टाकला.

तेव्हापासून मी इथे आहे. खाली खुर्चीत पेंटर बसलेला असतो. बायको घाईत असली की त्याच्या सदऱ्याचे एखादे बटण चुकीच्या काजात जाते. त्याला ते चालते. माझ्या उजव्या बाजूला एका जोडाक्षराची पांढरी जागा तेवढी मोकळी आहे, ब्रश टेकला होता तिथे फक्त एक लाल ठिपका.

मित्रांनो, तुमच्या घरीदारी, वर्गात, कोणाचे हात चालत नसतील, कोणाचे पाय चालत नसतील. त्यांना शिकवायला धावण्याआधी, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवण्याआधी, तुम्हाला काय करायचे आहे असे त्यांना विचारा. उत्तर मिळाले की ते खरे माना. मॅडमनीही अखेर विचारलेच होते, मी साक्षीला आहे. पण तोपर्यंत पेंटरचे शेवटचे अक्षर माझ्या बटणांत गेले होते.