सहा चिंचोके

खरं दुखणं एका जागी बसत नाही. आज सात असतं, उद्या पाच. थंडी पडली की आठ, लेक माहेरी आली की तीन. वीस वर्षं लोकांच्या आजारांचे आकडे मांडून एवढं तरी मला कळलं आहे. म्हणून इसरूभाऊंची ओळ पाहिली आणि माझं डोकं फिरलं. सहा, सहा, सहा. एकतीस आठवडे नुसता सहा.

मी मूलमधल्या एका संशोधन केंद्रात संख्याशास्त्राचं काम बघते. हा अभ्यास गुडघ्यांचा होता. धानाच्या रोवणीत वाकून आणि जंगलात उकिडवं बसून गुडघे गेलेली दोनशे चाळीस माणसं आम्ही घेतली. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. एकाला नेहमीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याला गोळ्यांबरोबर व्यायाम शिकवला. मग दर शुक्रवारी घरी जाऊन विचारायचं, दुखणं दहापैकी किती?

हे 'दहापैकी' कोणाच्या गळी उतरेना. शेवटी आमच्या अंकुशने युक्ती काढली. दोन लेकरांचा बाप, गावोगाव फिरून फॉर्म भरण्यात मुरलेला माणूस. तो दहा चिंचोके जमिनीवर मांडायचा आणि म्हणायचा, दुखतं तेवढे उचला. लागोपाठ दोन शुक्रवार मूठ रिकामी राहिली की माणूस बरा झाला, फाईल बंद आणि जाणंही बंद.

आलेखात सगळ्यांच्या ओळी पायऱ्या उतरल्यासारख्या खाली येत होत्या. इसरूभाऊंची तेवढी आडवी. मला वाटलं, अंकुश चहाच्या टपरीवर बसून आकडे भरतो. मी त्याला बोलावून चांगलं फैलावर घेतलं.

"म्याडम, मी दर शुक्रवारी जातो," तो म्हणाला. "भाऊ सहाच उचलते. काऊन उचलते, मले काय मालूम?"

"मग या शुक्रवारी मी जाते."

मोहफुलांचे दिवस होते. एसटीतून उतरून गावाकडे वळले तर वाटेवरच्या झाडाखाली सत्तरीचा एक माणूस उकिडवा बसून फुलं वेचत होता. बसल्या बसल्याच पुढे सरकत होता, टोपली ओढत होता. फॉर्मवरच्या फोटोमुळे मी ओळखलं.

"इसरूभाऊ!"

त्यांनी माझ्या हातातली फाईल पाहिली आणि उठताना गुडघ्याला हात लावला. तिथून घरापर्यंत ते जे काही लंगडले, तसं लंगडणं मी झाडीपट्टीच्या नाटकातही पाहिलेलं नाही. दोन वेळा तर पायही बदलला.

अंगणात खाट टाकलेली होती. शेजारी पाण्याचा लोटा आणि पालथे घातलेले दोन कप. मी चिंचोके मांडले. त्यांनी न बघता सहा उचलले.

"भाऊ, आत्ता मोहाखाली उकिडवे बसले होते तुम्ही."

त्यांनी मूठ मिटून घेतली. मला आणखीच राग आला. मी म्हणाले, "तुमच्या या एका सहामुळे माझा अख्खा अभ्यास वाकडा झाला. दोनशे चाळीस माणसांची मेहनत पाण्यात गेली."

हे धादांत खोटं होतं. दोनशे चाळिसांत एक सहा कुठल्या कुठे बुडून जातो. पण माझी जीभ रागात असली की हिशेब बघत नाही.

इसरूभाऊंनी मूठ उघडली आणि एकेक चिंचोका परत जमिनीवर ठेवला.

"नाई दुखत, बाई. तुमच्या त्या कसरतीनं दिवाळीलेच बरा झालो."

"मग सहा का उचलता?"

"अंकुशनं पयल्याच दिवशी सांगतलं होतं, शून्य झालं का येनं बंद." ते चिंचोक्यांकडे बघत बोलत होते. "घरवाली सोमारी गेली तवापासून या घरी कोनी येत नाई. पोरगा धनराज मोहर्लीले वाघ दाखवाची जिप्सी चालवते, सीझनमंधी त्याले सुट्टी नाई. अंकुश येते. चाय पेते. कसं हाय, विचारते."

"पण सहाच का?"

"आठ म्हटलं त दवाखान्यात नेसान. चार म्हटलं त बरा होऊन राह्यला म्हनसान. सहा बरा."

माझ्याकडे पदवी आहे, आणि एवढा विचारपूर्वक निवडलेला आकडा मी कधी पाहिला नव्हता. हसू येत होतं, पण हसवेना.

"तुमचं काम खराब नाई झालं पायजे," ते म्हणाले. "लिहा, शून्य."

भाऊ, काही खराब झालेलं नाही, असं तेव्हाच सांगायला हवं होतं. ओठावर आलं आणि मी ते गिळलं. चूक कबूल करायची मला सवय नाही. मी शून्य लिहिलं आणि शेऱ्यात खरी हकिगत लिहिली.

पुढच्या शुक्रवारी अंकुशला न पाठवता मीच गेले. अंगण ताजं सारवलेलं होतं, खाटेवर धुतलेली चादर होती. चिंचोके काढायच्या आतच त्यांनी रिकामी मूठ पुढे केली. नियमाप्रमाणे दुसरं शून्य. मग त्यांनी चहा मांडला. तो चहा उकळतच राहिला, ते काही चुलीवरून उतरवेनात.

"आता पुढच्या शुक्रवारी?" कप देताना त्यांनी विचारलं.

"आता नाही, भाऊ. तुम्ही बरे झाले."

"हौ," ते म्हणाले. मग माझ्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे चिंचोके राहू द्या इथी."

मी ठेवले आणि निघाले. एसटीला पाऊण तास होता. तो पाऊण तास मला त्यांच्या अंगणात बसता आलं असतं. मी फाट्यावर उन्हात उभी राहिले.

अभ्यास चांगला निघाला. व्यायामाचा गट लवकर बरा झाला, फरक दाखवण्याजोगा आला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. मी घरी गेले. घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. आईबाबा गेले, भद्रावतीचं क्वार्टर सुटलं. पुण्याचा भाऊ, आयुष, महिन्यातून एकदा फोन करतो. कशी आहेस? मजेत. गेली नऊ वर्षं मजेत. ही ओळ आडवी आहे, हे त्या रात्री पहिल्यांदा ध्यानात आलं, आणि मला फार एकटं वाटलं. माझ्या दारात दर शुक्रवारी कोणी आलं असतं, तर मीही लंगडले असते.

मृगाच्या आधी इसरूभाऊ धानाचं बियाणं घ्यायला मूलला आले आणि विचारत विचारत आमच्या ऑफिसात पोचले. समोरच्या खुर्चीवर बसले. खिशातून फडकं काढून त्यांनी माझ्या कागदांवर दहा चिंचोके मांडले.

"गुडघा पुन्हा धरला का?"

"माहा नाई. तुमचं विचाराले आलो. उचला."

"मला कुठं काय दुखतं!"

पलीकडच्या टेबलावर अंकुशने मान खाली घातली. इसरूभाऊ नुसते थांबले. आकडा सुचवायचा नाही, गप्प राहून वाट बघायची, हा नियम माझाच होता. त्यांनी तो एकतीस आठवडे जवळून पाहिला होता.

"भाऊ, मी तुमच्याशी खोटं बोलले होते," मी म्हणाले. "तुमच्या सहानं काहीच बिघडलं नव्हतं."

"हौ. उचला."

मी मूठ रिकामीच पुढे करणार होते. मग हात खाली गेला आणि मी एकेक करून सहा चिंचोके उचलले.

त्यांनी टेबलावर उरलेले चार मोजले, फडक्यात बांधले आणि बियाण्याची थैली खांद्यावर घेतली.

"सहा हाय," ते म्हणाले. "त पुढच्या शुक्रवारी मले या लागते."